साहेब ‘हो’ म्हणाले, त्यानंतर

लिहिण्याचे धाडस करीत आहे, याबद्दल आधीच क्षमा मागते. ज्यांनी सभा गाजवल्या, मोर्चे काढले, त्यांनी आठवणी लिहाव्यात. मी केवळ त्यांच्या बोलण्याची टिपणे काढली, आणि तीही उशिरा. घाटकोपरच्या एका महाविद्यालयात बरीच वर्षे शिकवल्यावर, चाळिशी उलटल्यावर मी संशोधनासाठी नाव नोंदवले. सामान्य माणसे अधिकाऱ्यापुढे आपले म्हणणे कसे मांडतात, हा विषय. वर्गाबाहेर चार माणसांत बोलताना मला स्वतःला घाम फुटतो. कदाचित त्यातूनच हे कुतूहल उपजले असावे.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. वाकोल्याच्या एका वस्तीतल्या बायका दुसऱ्या सार्वजनिक नळाची मागणी करीत होत्या. होता तो नळ एकच, आणि त्याला पाणी येई नेमके शाळेच्या वेळी. या बायकांची पुढारी कपड्यांच्या कारखान्यात बटणे लावी. तिला पहाटेच घर सोडावे लागे, म्हणून तिची सातवीतली मुलगी हंडे घेऊन रांगेत उभी राही.

“उशिरा गेली की वर्गाबाहेर उभी करतात तिला,” पुढारीणबाई मला म्हणाल्या. “दिवाळीपर्यंत नळ आला तर ठीक. नाहीतर नाव काढते पोरीचं शाळेतून.”

कचेरीत जाण्यापूर्वी या बायका तालीम करीत. एकीने साहेब होऊन उपड्या बादलीवर बसायचे आणि बाकीच्यांनी गाऱ्हाणे घालायचे. साहेब जितका खडूस, तितकी तालीम चांगली. माझ्या कोणत्याही ग्रंथात असे काही लिहिलेले नव्हते, आणि मी कोपऱ्यात बसून अधाशासारखी पाहत असे.

गणपती झाल्यावरच्या एका रविवारी पुढारीणबाई माझ्याकडे वळल्या. “बाई, आज तुम्ही व्हा साहेब. आमची साहेब लगेच हसते.”

मी पुष्कळ आढेवेढे घेतले, शेवटी बसले. आणि नवल असे, की नकार मला सहज सुचू लागले. अर्ज योग्य मार्गाने आलेला नाही. हे आमच्या अखत्यारीत नाही. आज तुम्हांला दिला, तर उद्या सगळेच मागतील.

“अगो बाय!” मालवणकडच्या एक वयस्क मावशी ओरडल्या. “ही तर खऱ्या सायबापेक्षा कडू!”

पण माझ्या प्रत्येक नकाराला त्यांनी उत्तर घडवले, घासले, पुन्हा म्हणून पाहिले. अखेरीस माझ्याजवळचे नकार संपले.

प्रत्यक्ष भेटीच्या दिवशी पाणीखात्याच्या कचेरीत मी दाराशी उभी राहिले. साहेबांनी बायकांना बसायला खुर्च्या मागवल्या, सगळे शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “रास्त मागणी आहे. करून टाकू.”

पुढारीणबाईंचे तोंड पुढच्या वाक्यासाठी उघडलेलेच राहिले. “थँक्यू साहेब,” त्या कशाबशा म्हणाल्या, आणि सगळ्याजणी बाहेर पडल्या.

हसतखिदळत नाल्यापर्यंत आल्यावर मावशी थांबल्या. “पण कधी करतलो, ता कोणी इचारला?”

कोणीच विचारले नव्हते.

“चला की मग परत,” एकजण म्हणाली.

“काय म्हणून जायचं? तो हो म्हणालाय ना!”

“जो होय म्हणता, तेच्यावांगडा भांडूचा कसा गो?” मावशींनी विचारले. ‘हो’ म्हणणाऱ्याशी भांडायला कारणच सापडेना, म्हणून सगळ्याजणी घरी गेल्या.

दिवाळी आली, गेली. नळ आला नाही. सुट्टी संपल्यावर ती मुलगी शाळेत गेली नाही.

इकडे माझ्या मार्गदर्शकांनी या भेटीवर लिहिलेले प्रबंधाचे प्रकरण वाचून समासात लिहिले, ‘श्रोत्याला पटले, येथे थांबावे.’ मी वाचलेले सारे ग्रंथही तेथेच थांबत होते. मला मात्र थांबता येईना. पुढच्या रविवारी मी वस्तीत गेले आणि, आजवर कधी केली नव्हती, अशी सूचना केली: पुन्हा तालीम करू या, फक्त या खेपेस साहेब ‘हो’ म्हणेल.

मी बादलीवर बसले. मागणी होताच म्हणाले, “हो, करू.”

मग हशा. “अहो बाई, हो नका म्हणू ना, काहीच सुचत नाही!”

पुन्हा मागणी झाली. पुन्हा मी म्हणाले, “हो हो, अगदी नक्की.”

पुढारीणबाई खरोखरच चिडल्या. “काय हो हो! माझी पोर घरी बसलीय इथे! होच म्हणताय ना, मग आत्ताच्या आत्ता माणूस द्या बरोबर. त्याला जागा दाखवल्याशिवाय आम्ही उठत नाही!”

कचेरीत त्यांनी मुलीचा उल्लेखही केला नव्हता. तेथे त्या वस्तीच्या वतीने बोलत होत्या.

पुढच्या भेटीत साहेब पुन्हा आनंदाने ‘हो’ म्हणाले. पुढारीणबाई मुलीबद्दल बोलल्या, माणूस मागितला आणि बसून राहिल्या. साहेब हसले, घड्याळाकडे पाहिले, थोडे अवघडले आणि शेवटी त्यांनी मुकादमाला हाक मारली. बायका त्याला मधोमध घेऊन वस्तीपर्यंत चालत आल्या.

नळ संक्रांतीनंतर आला, बारीक धारेचा, पण दिवसातून दोनदा. मुलगी पुन्हा शाळेत जाऊ लागली. बुडालेला अभ्यास मात्र तिला त्या वर्षी भरून काढता आला नाही.

साहेब खोटे बोलले होते, असे मला आजही वाटत नाही. त्यांना खरोखर पटले असावे, आणि पटल्याबरोबर त्यांचे काम त्यांच्यापुरते संपलेही असावे. प्रबंध मी पूर्ण केला, पण या प्रकरणाचा शेवट मला मनासारखा लिहिता आला नाही. म्हणून आपल्यालाच विचारते: समोरचा माणूस पटकन ‘हो’ म्हणाला, तर त्यानंतर आपण काय बोलता?