अक्कांच्या लॅपटॉपची पूजा

यशोदाक्का लॅपटॉपचं बटण दाबायच्या आणि कॉफी करायला आत निघून जायच्या. डिकॉक्शन ठिबकून, दूध तापून, कॉफी हातात घेऊन त्या बाहेर आल्या तरी पडद्यावर गोल चक्र फिरतच असायचं. "स्वल्प थांब गं, उठतोय तो," असं मलाच सांगायच्या, जणू घाई मला होती. होतीच म्हणा. मी सांगलीची, बँकेच्या नोकरीसाठी म्हैसूरला आलेली, बोगादीत त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी. मला काहीही सावकाश झालेलं खपत नाही.

अक्कांचं घराणं रंगाऱ्यांचं. कापडं रंगवायचा धंदा आजोबांबरोबर संपला, पण घरात मराठी टिकली. बोलता बोलता त्या कानडीत कधी उतरायच्या, त्यांनाही कळायचं नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी समाजातल्या मुलांसाठी व्हिडिओवर मराठीचा वर्ग काढला होता. मुलं घरी कानडी नाहीतर इंग्रजी बोलणारी. लॅपटॉप उठेपर्यंत ती ताटकळायची, आणि उठला तरी शिकवता शिकवता अक्का पडद्यावर थिजून जायच्या. हळूहळू मुलं गळाली. गोकुलम भागातली दीपा त्यांची फार लाडकी, तीही येईनाशी झाली. वाट बघण्यातच पोरीची संध्याकाळ जाते, असं तिच्या आईनं फोनवर सांगितलं. त्या दिवशी अक्का जेवल्या नाहीत. "माझ्यामागं या घरांत मराठी कोण बोलणार गं?" एवढंच म्हणाल्या.

मी म्हटलं, नवा लॅपटॉप घ्या. "नवं बेडा," त्या म्हणाल्या, म्हणजे नको. "याच्यावर हात बसलाय माझा. त्याला काय दुखतंय ते बघ." दुखणं जुन्या डिस्कचं होतं. मग एसएसडी, म्हणजे नव्या जातीची वेगवान डिस्क, आणली, केबलनं जोडली आणि जुन्या डिस्कवरचं सगळं तिच्यावर उतरवायला लावून मी स्कूटर धुवायला खाली गेले.

तो दिवस होता आयुधपूजेचा. त्या दिवशी म्हैसुरात विळीपासून बसपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं, आणि पूजा झालेली वस्तू दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हलवत नाही. अक्कांचा वर्ग पुन्हा सुरू व्हायचा होता दुसऱ्याच दिवशी, विजयादशमीच्या सकाळी. एकदा येऊन तर बघा, म्हणून त्यांनी प्रत्येक आईला स्वतः फोन केला होता.

मी परत येऊन बघते तर लॅपटॉप मिटलेला, वर गंध, कुंकू, शेवंतीची फुलं! झाकण मिटल्याबरोबर तो झोपी गेला होता आणि काम अर्ध्यावर तुटलं होतं. माझं डोकंच फिरलं. नाही नाही ते बोलले. उघड्या लॅपटॉपवर फुलं कुठं ठेवायची, हा त्यांचा साधा प्रश्न होता. आता सगळं पहिल्यापासून करायचं तर पूजा हलवायची. सकाळपर्यंत थांबायचं तर उतरवण्यातच कित्येक तास जाऊन वर्ग बुडणार, आणि यावेळी मुलं गेली की गेलीच. जन्मभर एक नेम न मोडलेली बाई ती. मी काय सांगणार?

अक्का बराच वेळ हात जोडून उभ्या राहिल्या. मग एकेक फूल उचलून त्यांनी देवीच्या तसबिरीपुढं ठेवलं. "विद्या पण तूच, अल्वा आई? तूच ना? काम चालू असताना घे आमची पूजा," म्हणाल्या आणि झाकण स्वतः उघडलं.

सकाळी मी मागचे स्क्रू काढून डिस्क बदलली. बटण दाबलं आणि त्या खुर्चीत नीट टेकायच्या आत पडदा उजळला. वर्गाची वेळ झाली. कुणीच नव्हतं. अक्का पदर सारखा करत नुसत्या बसून होत्या. मग एक चौकट उघडली. दीपा.

"अक्का, आज तुम्ही पहिले आला?"

"हो राजा. आता वाट मी बघणार, तुम्ही नाही."

मागल्या उन्हाळ्यात माझी सांगलीला बदली झाली. निघताना नमस्काराला खाली गेले, तर वर्ग चाललेला. चौकटी पडद्यात मावत नव्हत्या. अक्कांनी मला ओढून समोर बसवलं. सगळ्यांना हात हलवून मी म्हटलं, "जाते हं मुलांनो."

"मेघाक्का, जाते नाही म्हणायचं," दीपानं मला अडवलं. "येते म्हणा."

मी येते म्हटलं, आणि मग मला रडू आवरेना.