बुडबुडा कुठे आहे?

"हा सगळा लॉट रिजेक्ट करावा लागेल," मेहरा म्हणाला. तोवर त्यानं एकही पेटी उघडली नव्हती.

मेहरा म्हणजे आमच्या अमेरिकन कस्टमरचा दिल्ली ऑफिसातला माणूस. मी चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात क्वालिटी मॅनेजर होते. आम्ही गाड्यांच्या गिअरबॉक्सची हाऊसिंग बनवायचो. हाऊसिंग म्हणजे गिअर ज्यात बसतात ते ॲल्युमिनियमचं कवच. २००८ साल संपत आलं होतं. पॅक झालेल्या पेट्या गोडाऊनमध्ये छताला टेकल्या होत्या आणि त्या न्यायला कंटेनर येत नव्हता.

"रिजेक्ट कशासाठी?" मी विचारलं.

"पोरॉसिटी."

पोरॉसिटी म्हणजे धातूत राहिलेली बारीक भोकं. त्यातून गिअरचं ऑइल पाझरतं. ती शोधायची पद्धत सायकलचं पंक्चर काढणाऱ्याचीच. हाऊसिंगची तोंडं बंद करायची, आत हवा भरायची आणि पाण्याच्या टाकीत बुडवायचं. भोक असेल तर बुडबुड्यांची माळ वर येते.

हे काम आमच्याकडे बायका करायच्या. त्यांची लीडर तमिळसेल्वी. श्रीपेरुंबुदूरच्या पुढच्या एका खेड्यातली, कॉन्ट्रॅक्टवरची, लहान मुलीला आईकडे ठेवून शिफ्टला येणारी. मी मेहराला तिच्या टेबलापाशी नेलं. हवी ती पेटी निवडा म्हटलं. सेल्वीनं हाऊसिंग क्लॅम्प केलं, हवा भरली, बुडवलं. आम्ही तिघं टाकीवर वाकून बघत राहिलो.

"बबल इल्लै, मॅडम," सेल्वी म्हणाली. बबल नाही.

दुसरं बुडवलं. त्यातही नाही. तिसऱ्याला मेहरानं बोट दाखवलं. "हे काय मग?"

कोरडी वस्तू पाण्यात घातली की तिच्या अंगाला थोडी हवा चिकटतेच. तो बुडबुडा जागचा हलत नाही, त्याच्यामागून दुसरा येत नाही. मी बाही वर करून पाण्यात हात घातला आणि तो पुसला. परत आला नाही.

"तुम्ही पुसलात!"

"गळती पुसून जात नाही, मिस्टर मेहरा."

तो हसला. तसा वाईट माणूस नव्हता. कँटीनमध्ये कॉफी घेताना हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्हाला सगळं कळतंय. कशाला ताणता?"

कळत होतंच. अमेरिकेत बहुतेक लोक कर्जावर गाडी घेतात. तिथल्या बँकांनी ऐपत नसलेल्यांनाही घरांसाठी कर्जं वाटली होती. ती बुडाली, बँका हादरल्या आणि त्यांनी सगळ्यांसाठीच हात आखडता घेतला. कर्ज नाही म्हणून गाडी खपेना. गाडी खपेना म्हणून गिअरबॉक्स नको आणि गिअरबॉक्स नको म्हणून आमचं हाऊसिंग नको. पण ऑर्डर पक्की होती. कस्टमरनं माल 'नको' म्हटला असता तर पैसे द्यावे लागले असते. 'खराब' म्हटला की सुटका.

संध्याकाळी आमच्या एमडींनी, सुंदरराजन सरांनी, मला केबिनमध्ये बोलावलं.

"रिजेक्शन रिपोर्टवर सही करून टाका."

"सर, माल चांगला आहे."

"मला सांगता? मी उभा केलाय हा कारखाना."

"मग भांडा त्यांच्याशी. केस करा."

"अमेरिकेतल्या कोर्टात? आपल्या बँकेनंही कर्जाचं लिमिट कमी केलंय, मॅडम. पुढच्या महिन्याचं ॲल्युमिनियम कशानं घेऊ याची पंचाईत आहे. मेहरा म्हणतो, आता गप्प बसलात तर नव्या मॉडेलची ऑर्डर तुम्हालाच. भांडलात तर सप्लायर लिस्टमधून नाव कट."

ते खोटं बोलत नव्हते. चेहरा पार उतरलेला होता. म्हणून मी पुढचा प्रश्न जरा हलक्या आवाजात विचारला.

"आणि पोरॉसिटी होती तर ती लीक टेस्टमधून सुटली कशी? कारण काय लिहायचं?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ऑपरेटर निग्लिजन्स."

म्हणजे निष्काळजीपणा. म्हणजे सेल्वी आणि तिच्या टेबलावरच्या बायका.

"मी सही करणार नाही, सर."

"ठीक आहे," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, समजूत घातली नाही. तेव्हाच मला समजायला हवं होतं की माझी सही त्यांना सोयीची होती, गरजेची नव्हती.

नवरा तेव्हा चेन्नईजवळच्या आवडी गावात डिफेन्स फॅक्टरीत होता. आमच्या शाळकरी मुलीसह आम्ही तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहायचो. त्याला सगळं सांगितलं.

"राजीनामा बिजिनामा देऊ नकोस हं," तो म्हणाला. "काढायचं तर त्यांना काढू दे."

"मला नाही रे काढणार. सेल्वीला काढतील."

त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाला, "मग तू सही केलीस काय आणि न केलीस काय!"

मला त्याचा भयंकर राग आला.

प्रॉडक्शन हेडनं सही केली. सोमवारी लीक टेस्टच्या बायकांना कॉन्ट्रॅक्टरनं गेटवरच अडवलं. मंदीमुळे कमी केलं असतं तर निदान एक्सपिरियन्स लेटर तरी मिळालं असतं. चूक केली म्हणून काढल्यावर तेही नाही. मी कंपनीच्या बसमधून उतरले तेव्हा त्या हातात डबे घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. सेल्वी पुढे आली.

"नींगळुम पात्तींगळे, मॅडम," ती म्हणाली. तुम्हीही बघितलंत ना.

"पात्तेन," मी म्हटलं. बघितलं. मोडक्यातोडक्या तमिळमध्ये त्याच्यापुढे मला काही बोलता येईना, आणि मराठीत तरी काय बोलले असते?

त्याच आठवड्यात हाऊसिंग वितळवायला घेतली. रिजेक्ट मालाचं तेच करतात. पेट्या फोडून एकेक नग भट्टीत गेला. मशीनिंग केलेला, आरशासारखा चकचकीत माल.

मी त्या बायकांना साध्या कागदावर, स्वतःच्या सहीनं, कामाबद्दल चार चांगले शब्द लिहून दिले. सेल्वी तो कागद घेऊन शेजारच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये फिरली. सगळीकडे एकच उत्तर मिळालं, लेटरहेडवर आणा.

नव्या मॉडेलची ऑर्डर आली नाही. ती गाडी जिथं बनणार होती तो प्लँटच कस्टमरनं बंद केला. काही महिन्यांनी मला मेहराचा मेल आला. दिल्ली ऑफिस गुंडाळलं होतं. सोबत बायोडेटा जोडला होता आणि तुमच्याकडे काही ओपनिंग आहे का, अशी विचारणा होती.

पुढच्या वर्षी देशातल्या छोट्या गाड्या पुन्हा खपायला लागल्या. आम्हाला घाईनं लीक टेस्टला माणसं हवी झाली. नवीन मुली अंगाला चिकटलेल्या बुडबुड्याला गळती समजून चांगला माल बाजूला काढायच्या आणि खरी गळती सोडून द्यायच्या. मीटिंगमध्ये मी म्हटलं, जुन्या बायकांना बोलवा. एचआरच्या माणसानं लॅपटॉपवर नावं काढली आणि मान हलवली.

"सिस्टिम घेत नाही, मॅडम. सगळ्यांच्या नावापुढे 'नॉट फॉर रीहायर' आहे. क्वालिटी निग्लिजन्स."

"कुणी टाकलं हे?" सुंदरराजन सरांनी चिडून विचारलं.

प्रॉडक्शन हेड पाण्याची बाटली उघडत बसला.

तरी मी सेल्वीला फोन केला. ती एका मोबाइलच्या कारखान्यात लागली होती, पुन्हा पहिल्यापासून, ट्रेनी म्हणून. शांतपणे ऐकून घेतलं आणि नको म्हणाली. माझ्या मुलीची चौकशी केली आणि फोन ठेवला.

आमच्या धंद्यात बिघाडाचं मूळ कारण शोधायची एक रीत आहे. 'का' असा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत मागे जायचं. मंदीत त्या रिपोर्टसाठी तो कुणी विचारला नाही, कारण मागे जाता जाता आपण अमेरिकेतल्या बँकेच्या दारात पोचलो असतो, आणि तिथं आमच्यासाठी कोण दार उघडणार? सेल्वीचं टेबल जवळ होतं. आता माझ्यासमोर 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' असं लिहिलेला रिपोर्ट आला की मी आधी पार्ट मागवत नाही. त्या महिन्यात कस्टमरच्या गाड्या खपत होत्या का, तेवढं विचारते.