एका दांडीचे धनी

ज्या गोष्टीला सगळी दुनिया शिव्या घालते, तिच्याच जोरावर मिशीला पीळ भरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू, आप्पा निघाला. कळसाडीच्या शिवारात उसाच्या मधोमध आप्पांचं मळ्यातलं घर आहे. तिथे मोबाईलची रेंज अजिबात येत नाही असं नाही. येते, पण रुसलेल्या जावयासारखी, उंबऱ्यापर्यंत. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. आप्पा मात्र आल्या-गेल्याला अभिमानानं सांगत, "जिल्हामा इतली खराब रेंज कोनकडेच नही, भाऊ!"

त्याचं असं झालं, की त्यांचा एक भाचा पुण्याच्या कंपनीत लागला. ती कंपनी शेतकऱ्यांसाठी मोबाईलची अ‍ॅपं बनवते. पुण्यात बसून सगळं झकास चालतं हो, पण खेड्यातल्या स्वस्तातल्या फोनवर, तुटक्या रेंजमध्ये ते अ‍ॅप तग धरतं की मान टाकतं, हे कसं कळणार? म्हणून भाच्यानं मामाच्या ओसरीवरच्या फळीवर सहा फोन मांडून दिले. पुण्याहून हुकूम सुटायचा आणि रडतखडत मळ्यात पोचायचा. मग एखादा फोन आपोआप उजळून स्वतःची बटणं स्वतःच दाबायला लागायचा. आप्पांनी फक्त चार्जिंग बघायचं, धूळ पुसायची आणि एखादा फोन अडकला तर कळवायचं. कळवायला अर्थातच रेंज नसायची. मग आप्पा मोटरसायकल काढून शहाद्याच्या रस्त्याला लागायचे आणि दोन दांड्या दिसल्या की थांबून ओरडायचे, "अ‍ॅप अडकनं शे, पन फोननी तब्येत बरी शे!"

फोन उजळला की आप्पा उठून उभे राहत. "पुनाना मानुस उना," असं हळूच म्हणत आणि मला चपला काढायला लावत. फोनात आलेला पुण्याचा माणूस काय आपल्या चपला बघणार होता? पण आप्पांपुढे बोलायची सोय नाही. एकदा माझ्या नव्या फोनला त्यांच्या ओसरीवर चुकून तीन दांड्या आल्या, तर या गृहस्थांनी तो काढून घेतला आणि गोठ्यात नेऊन ठेवला. म्हणे, "आम्हनी रेंज बिघाडशात तुम्ही." दुसऱ्या एका दिवशी पुण्याच्या कुणीतरी तपासणीसाठी त्या फोनवर अर्ज भरला. नाव 'अबक', पीक 'कखग' आणि जमीन नव्व्याण्णव हजार एकर. आप्पांचा चहा घशातच अडकला. "इतली जमीन कोनकडे शे?" म्हणत ते तस्से रस्त्यावर गेले आणि कंपनीला फोन लावून म्हणाले, "लिखाले हरकत नही, पन सात-बारा दखाडा!"

असं सगळं सुखात चाललं असताना गावात टॉवरचं वारं आलं. जागा हवी होती ती नेमकी आप्पांच्या पडिकाची. सरपंच चार माणसं घेऊन आले. टॉवर आला की रेंज येणार आणि रेंज आली की फोन जाणार, हे आप्पांना बरोबर कळलं होतं. ते म्हणाले, त्या जागेत नाग आहे. सरपंच म्हणाले, सर्पमित्र बोलावू. मग म्हणाले, तिथे म्हसोबा आहे. सरपंच म्हणाले, म्हसोबा नाल्यापल्याड आहे, दर वर्षी मीच शेंदूर लावतो. शेवटी, टॉवरनं कपाशीला बोंडं धरत नाहीत, असं ठोकून देऊन आप्पा आत निघून गेले. जागा त्यांची, म्हणजे ते 'नाही' म्हणाले की विषय संपला. मीही मनातून त्यांच्याच बाजूचा होतो. म्हातारपणी माणसाला कुणीतरी विचारतंय, हे काय थोडं आहे?

पण घरात आप्पांची बायको, आमची अक्का होती. त्यांचा मुलगा सुरतेला, त्याला वर्षाची मुलगी. व्हिडिओ कॉल लागायचा, नात हसायला तोंड उघडायची आणि तिथेच चित्र थिजायचं. मी गेलो त्या दिवशीही तसंच झालं. अक्का फोन पदरानं पुसून मला म्हणाली, "दाजी, तुम्हना साडूले सांगा. पुनाना लोकेसले आम्हनी ओसरी दिसस, माले मन्ही नातना दात दिसत नही." आप्पा शेजारीच बसले होते. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली ती पुन्हा उचललीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते सरपंचांच्या दारात उभे. "जागा ली ल्या," म्हणाले, "नागले मी समजाडी दिसू."

टॉवर उभा राहिला. अक्कानं पहिल्याच कॉलला "दोन दात शेतस, दोन!" असा पुकारा केला की गोठ्यातली म्हैस दचकली. आप्पांनीही डोळे बारीक करून दात बघितले आणि बराच वेळ आपण हसतोय हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. आठवड्याभरात पुण्याचा निरोप आला: रेंज चांगली झाली, अभिनंदन, आता फोन परत पाठवा.

मी मदतीला गेलो. आप्पांनी घरच्या कापसाची गादी करून सहाही फोन खोक्यात निजवले होते. खोकं बंद करताना आत उजेड दिसला, म्हणून मी म्हटलं, "आप्पा, अहो, हे चालूच आहेत. बंद नाही केलेत?"

आप्पांनी एकेकाचं चार्जिंग पूर्ण आहे ना, ते वाकून पाहिलं.

"बंद कसाले करू, भाऊ?" ते म्हणाले. "वाटमा त्यास्ले काही काम पडनं तं?"

मी चिकटपट्टीचं टोक शोधू लागलो.