ओढ्याकाठचं अळू आणि विधिमंडळ

नववीत गणिताने मला शाळेबाहेर काढलं. पुढे आत्याच्या इंजिनिअर मुलाशी लग्न झालं आणि चिपळूणजवळच्या गावातून मी थेट अमेरिकेतल्या ईडन प्रेरीला येऊन पडले. तिथल्या मराठी मंडळींत दर शनिवारी कुणाकडे तरी जेवण असायचं. बायका आपापल्या डिग्र्यांवर आणि ग्रीन कार्डावर आल्या, की मी वाट्या विसळायला उठायची. नवऱ्याने मला कधी हिणवलं नाही, ते उपकार आहेतच. पण नुसत्या उपकारावर माणूस किती दिवस ताठ बसणार?

मला उभं केलं ते अळूने. आमच्या घरामागे ओढा होता. व्हिएतनामी दुकानातून आणलेल्या थोड्या अळकुड्या मी सहज त्याच्या काठाला खोचल्या, आणि ऑगस्टपर्यंत पानं अशी माजली की एकेका पानाखाली मूल निजावं. गणपतीत मी अळूची भाजी नेली आणि माझा भाव एकदम वधारला. ज्यांना माझं नाव माहीत नव्हतं ते फोन करायला लागले, "वहिनी, थोडी पानं मिळतील का हो?" मी अळूवाल्या वहिनी झाले. बर्फाआधी अळकुड्या उकरून गॅरेजमध्ये ठेवायच्या, मे संपताना पुन्हा लावायच्या, असं तीन वर्षं सुखात चाललं.

मग राज्याच्या विधिमंडळाला आमच्या ओढ्याची आठवण झाली. तिथे संवर्धन जिल्हा असतो. कलेक्टर-मामलेदारवाला नव्हे, माती आणि पाणी जपायला आखून दिलेला मुलूख, आणि त्याचं निवडून आलेलं छोटं मंडळ. आमच्या भागातल्या जिल्ह्याची हद्द नवा कायदा करून वाढवली होती. हद्दीच्या आत ओढ्याच्या काठाला खणायचं नाही, खत घालायचं नाही, मूळचं गवत वाढू द्यायचं. ही बातमी रस्त्यापलीकडच्या अमेरिकन म्हातारीने आणली. तिला मी आजी म्हणायची आणि तीही बिनतक्रार ओ द्यायची.

नवऱ्याने कॉम्प्युटरवर कायदा काढून वाचायला घेतला. अमुक कोपऱ्यापासून पूर्वेला, तिथून रस्त्याच्या मध्यातून उत्तरेला, तिथून ओढा ओलांडून पुन्हा पूर्वेला... अगदी पोथीचा सूर. मी सवयीने हात जोडून बसले होते.

"झालं. आपण आत आलो."

"आणि अळू?"

"अळूचं नाव नाही त्यात. पण ते गवत नाही ना. यंदा लावू नकोस."

आमच्या गावी माझ्या चुलत्याने शेजाऱ्याच्या हद्दीचा दगडी गडगा वर्षानुवर्षं वीतवीत सरकवला, एकट्याने, विडी न विझवता. इथे तेच करायला दोन सभागृहं आणि गव्हर्नरची सही लागली. चुलत्याला सांगितलं असतं तर हसून लोळला असता. मला मात्र हसू येईना. अळू गेलं की मी पुन्हा वाट्या विसळणारी.

नव्याने हद्दीत आलेल्या लोकांसाठी मंडळाने सभा ठेवली होती. मी म्हटलं, "अहो, आपण जाऊ या."

"वेडी आहेस का? आपण एच-वन व्हिसावर आहोत. कशाला उगाच नजरेत भरायचं?"

"मी काय बंदूक घेऊन चाललेय का?"

आजी बरोबर आली. समोर टेबलापाशी मंडळावर निवडून आलेले, टोप्या घातलेले शेतकरी बसलेले, बाजूला घड्याळ. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. मी मराठीत बोलायचं, नवऱ्याने इंग्रजी करायचं, असं ठरलं होतं.

"सांगा त्यांना, गणपतीला ही भाजी लागतेच."

नवरा म्हणाला, "माझ्या पत्नीला आपल्या कामाबद्दल फार आदर आहे."

तेवढं इंग्रजी मला येत होतं. "अहो, आदर कसला? अळूचं बोला!"

तो घाम पुसत राहिला, घड्याळ पळत राहिलं. शेवटी मीच पुढे झाले. "लीफ. वी ईट. गॉड ऑल्सो."

अध्यक्षांनी टोपी मागे सारली. किती खोल खणता? खत कोणतं? पाणी कुठून? शाळेतसुद्धा मला लोकांनी प्रश्न विचारले होते, पण तेव्हा एकाचं उत्तर येत नव्हतं. इथे सगळ्यांची येत होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आभार मानले आणि नाही म्हणाले. इतक्या अदबीने मला कुणी कधी नाकारलं नव्हतं.

वर नकाशावर बोट ठेवून म्हणाले, हद्द तुमच्या रस्त्याच्या मध्यातून जाते. पलीकडे लावलंत तर आमची ना नाही.

पलीकडे म्हणजे आजी. तिच्या तळघरात झिरपलेलं पाणी पंप उपसून पुढच्या लॉनवर टाकायचा आणि तिथे कायम चिखल असायचा. ती तिथल्या तिथे उठून म्हणाली, "माझ्याकडे लाव. मी कायद्याच्या बाहेर आहे."

अळू तिच्या चिखलात आमच्या ओढ्यापेक्षा जोरात आलं. येणारे-जाणारे गाड्या थांबवून विचारायचे, ही कुठली शोभेची झाडं? आजी खुर्ची टाकून बसायची आणि दरवेळी नवीन गोष्ट रचून सांगायची.

गणपतीच्या आदल्या दिवशी मी सुरी घेऊन गेले, तर बाई कमरेवर हात ठेवून आडवी उभी. "कापणार? सगळी?"

"आजी, खायला लावलीयेत."

"रविवारी माझ्या मैत्रिणी बघायला यायच्यात! तुझ्या देवाला पानं लागतात तरी किती?"

"देवाला एक पुरतं. त्याचे भक्त खादाड आहेत."

विधिमंडळ परवडलं, असं झालं. घासाघीस होऊन ठरलं, की रस्त्यावरून न दिसणारी पानं माझी. आजी रस्त्याच्या मधोमध, बरोबर त्या हद्दीवर, जाऊन उभी राहिली आणि तिथून हात करायला लागली. "ते नको, ते दिसतं. हां, त्याच्या मागचं घे."

यंदाच्या भाजीत अळूपेक्षा मुळाच जास्त होता. गणपतीच्या जेवणाला आमच्या मराठी मंडळींतल्या सगळ्यांत ज्येष्ठ काकूंनी पातेल्यात पळी फिरवली. "अगं, अळू कुठाय यात?"

"काकू, हद्दीबाहेरून आणलंय. जपून वाढायला लागेल."

काकूंनी मागे वळून लांबलेली रांग पाहिली आणि पळी माझ्या हातात दिली. "मग तूच वाढ बाई. माझ्याच्याने हे लोक आवरायचे नाहीत."