जगन्नाथरावांची चिमूट

नागपूरच्या जकात नाक्यावरून निवृत्त होऊन जगन्नाथराव अमेरिकेत ॲन आर्बरला मुलाकडे आले, तेव्हा सुनेने, वल्लरीने, त्यांची तंबाखू विमानतळावरच कचऱ्यात टाकली. चुन्याची डबी तेवढी मोज्यात लपून वाचली. नुसता चुना घेऊन माणसाने करायचं काय? पण पठ्ठ्याने ती जपली.

घरात किरकिर नको म्हणून वल्लरीने त्यांना आपल्या संस्थेत कामाला जुंपलं. गरिबांना धान्य वाटणारी जुनी संस्था. दारं-कपाटं उघडणं यांच्याकडे. सभागृहातल्या काचेच्या कपाटात भूर्जाच्या सालीची एक टोपली होती. ऐंशी वर्षांपूर्वी संस्थेच्या लोकांनी ती इथल्या ओजिब्वे या आदिवासी जमातीतल्या एका बाईकडून 'जरा बघायला' म्हणून आणली होती, ती अजून बघतच होते.

२००६ साली संस्थेला उपरती झाली. इथल्या मूळच्या लोकांची माफी मागून समेट करायचं ठरलं. त्या बाईची नात, डेलोरेसबाई, येणार होत्या. त्यांच्यात वडीलधाऱ्यांकडे काही मागायचं तर आधी तंबाखू देतात. त्यांनी ती घेतली तरच मागणं ऐकलं जातं. सर्वांत वयस्क माणसाने ती द्यावी, असं अध्यक्षांनी ठरवलं आणि लाल फडक्यातली पुरचुंडी जगन्नाथरावांकडे आली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

"बाबा, प्लीज हं," वल्लरी कळवळून म्हणाली. "त्यांनी ॲक्सेप्ट नाही केलं, तर वर्षभराची मेहनत वाया."

त्यांनी मान डोलावली. पण वास नाकात शिरला. एक चिमूट मळली, मग आणखी एक. पुरचुंडी भलतीच रोडावली, तेव्हा त्यांनी खिशातली बडीशेप वर भरली.

अध्यक्षांनी लांबलचक माफी वाचली. डेलोरेसबाईंनी हात पुढे केला. त्या सुरकुतलेल्या हाताकडे पाहून जगन्नाथरावांना मनापासून लाज वाटली.

"बाई, घेऊ नका," ते गाल सांभाळत म्हणाले. "अर्धी मी खाल्ली. वर बडीशेप आहे."

वल्लरीने डोळे मिटून घेतले.

डेलोरेसबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "आमचं काय घेतलं ते नीट सांगणारा या इमारतीतला तू पहिलाच. आण ती इकडे." पुरचुंडी त्यांनी बडीशेपेसकट घेतली.

वल्लरीचा जीव भांड्यात पडला. पण बाईंचा दुसरा हात पुढेच होता.

"आणि बाकीचं?"

अध्यक्ष घाईघाईने माफीचा कागद चाळू लागले. जगन्नाथरावांनी कुणालाही न विचारता कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि टोपली त्या हातावर ठेवली.