पिलारबाईंचा मुलगा

कोल्हापूर सोडताना कट्ट्यावरच्या मंडळींनी बजावलं होतं, की कॅनडात सगळा हॉकीचा कारभार, फुटबॉलला तिथं कुत्रं विचारत नाही. म्हणून ब्रॉसार्डला लेकीकडे उतरल्यावर दुसऱ्या सकाळी शेजारच्या पायरीवर वाळत ठेवलेले फुटबॉलचे बूट दिसले, तेव्हा माझी झोपच उडाली. मानसी म्हणाली, "ते मार्कोसचे, बाबा. स्पेनचा आहे, प्रोफेशनल. हा सीझन झाला की रिटायर होतोय."

संध्याकाळी मी त्याच्या दारात हजर. चाळिशीकडे झुकलेला, गुडघ्यांवर व्रणांची नक्षी असलेला हा गडी गोव्यात एक मोसम खेळून गेलेला, त्यामुळे मोडकीतोडकी हिंदी बोलत होता. स्पेनमध्ये त्याला खालच्या पायरीवरच्या क्लबांनीही फार दिवस ठेवलं नाही. मग तो पोलंडला गेला, तिथं दगडासारख्या मैदानावर खेळला. सायप्रसचा क्लब वर्षभरात बंद पडला. मग गोवा, ऑस्ट्रेलिया आणि शेवटी हे. जाईल तिथली भाषा मैदानात ओरडण्यापुरती शिकायची, एवढा त्याचा नेम. नाद खुळा माणूस!

आमच्याकडे फुटबॉलचे संघ तालमींचे (पेठेतल्या आखाड्याभोवती उभी राहिलेली मंडळं). एका पेठेचा पोरगा दुसऱ्या पेठेकडून उतरला, तर गल्लीत तोंड दाखवायची चोरी. मी हे सांगितलं तर तो हसला नाही. म्हणाला, आमच्या गावातही तसंच आहे. गावाच्या लेखी तो घरच्या मैदानावर न टिकलेला खेळाडू. आणि त्याच्या आईनं त्याला व्यावसायिक सामन्यात कधी पाहिलंच नव्हतं. तिचं पावाचं दुकान एक दिवस बंद राहत नसे. आता दुकान विकून ती पहिल्यांदाच येत होती, आणि नेमकी याची पोटरी धरली होती. प्रशिक्षक खेळवतील की नाही, कुणास ठाऊक. शनिवारचा सामना मोसमातला शेवटचा, त्यापुढं सामनेच उरले नव्हते.

शनिवारी मार्कोसच्या आईला, पिलारबाईंना घेऊन मी आणि मानसी सामन्याला गेलो. वाटेत देपानरमधून (कोपऱ्यावरचं दुकान) पाणी घेतलं, मैदानावर पुतीन खाल्लं. तळलेल्या बटाट्यांवर चीज आणि वर रस्सा. रस्सा म्हटल्यावर मी आशेनं तुटून पडलो, पण तिखटाचा पत्ता नाही. तरुणपणी फ्रान्समध्ये कामाला राहिलेल्या पिलारबाईंना फ्रेंच येत होतं आणि इथं राहून मानसीलाही, त्यामुळे त्यांचं आणि माझं बोलणं मानसीमार्फत चाललं. मार्कोस कडेला बसून होता. पिलारबाईंच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरी झाला होता. मी सवयीनं उठून पंचाच्या नावानं बोंब ठोकली, तर मागच्या गृहस्थांनी फार अदबीनं मला खाली बसवलं. बसलो बापडा.

सामना संपत आला. आपला संघ एका गोलनं पुढं, पण नुसती पळापळ. तेव्हा मार्कोस उठला. पिलारबाईंनी माझा दंड धरला. तो आत गेला आणि बराच वेळ चेंडूला त्याचा पाय लागला नाही. त्यांचा चेहरा उतरत गेला. मग त्यांनी मानसीला काहीतरी विचारलं आणि मानसीनं माझ्याकडे बघत सांगितलं, "बाबा, त्या विचारतायत, हा खरंच चांगला खेळतो का? की घरी कुणी घेतलं नाही म्हणून फिरत राहिला? खरं सांगा म्हणतात."

मी आयुष्यभर फुटबॉल पाहिलाय. खोटं बोलायची गरज नव्हती.

"त्यांना सांग, चेंडूकडं बघू नका, पोराकडं बघा. चेंडू जिथं येणार, तिथं हा आधीच जाऊन उभा असतो. म्हणून समोरचे तिकडं पासच देईनात. आणि आपल्या पोरांची धांदल बघा कशी थांबली. आत आल्या आल्या याने घर सावरलंय."

त्या बघत राहिल्या. शेवटची शिट्टी होईपर्यंत त्यांची नजर मुलावरून हलली नाही. संघ जिंकला. मग त्या शांतपणे बोलल्या आणि मानसीनं माझ्याकडे वळून सांगितलं.

"त्या म्हणतायत, मग ठीक आहे. त्याच्याशिवाय काढलेली वर्षं फुकट नाही गेली."

परतताना गाडीत मी मानसीकडं बघत होतो. माझी लेक इतकी वर्षं इथं आहे, आणि ती करते काय, असं कुणी विचारलं की मी "कॉम्प्युटरमधलं काहीतरी" म्हणून मोकळा होतो. पूल ओलांडताना मी म्हटलं, सोमवारी मला तुझ्या ऑफिसात घेऊन चल. ती म्हणाली, "बाबा, खूप बोअर होईल तुम्हाला." होऊ दे म्हटलं.

कोल्हापुरात परत आलो तर कट्ट्यावर पहिला प्रश्न, नायगारा बघितला का? नाही बघितला. पुलांची गणितं तपासणाऱ्या एका बाईच्या मागे खुर्ची टाकून अख्खा दिवस बसलो. मोठमोठी माणसं नकाशे घेऊन यायची आणि माझी लेक मान हलवेपर्यंत उभी राहायची. त्यातलं मला ओ की ठो कळलं नाही. पण डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.