शाबूत अंक

सात रस्त्याजवळच्या त्या रद्दीवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. जुने विनोदी दिवाळी अंक तो वजनावर विकत नाही. आधी अंक उघडून गिऱ्हाइकाला व्यंगचित्र दाखवतो. "ही रेघ बघा की सर, एका झटक्यात वढलीया. आन् नाक बघा, लई बेरकी!" मग समोरचा हसेपर्यंत त्याच्या तोंडाकडं बघत बसतो.

परवा मी तिथं असताना दोन तगडी माणसं आली. स्वतःला खुर्चीशी दोरीनं बांधून घेतलेल्या एका पुढाऱ्याचं चित्र त्यांना हवं होतं. तो पुढारी त्यांच्यातल्या एकाचा आजा.

"कुटं हाय ते?"

रद्दीवाल्यानं अंक काढून दिला. नातवानं ते पान फाडायला धरलं, तसं रद्दीवाल्यानं त्याचं मनगट पकडलं. दुसरा पुढं सरकला. मी मात्र जागचा हललो नाही.

"फाडू नका," हात न सोडता रद्दीवाला म्हणाला. "अख्खा अंक न्या. काडणाऱ्यानं तुमच्या आज्याच्या मिशीचा केस न् केस काडलाय. घरच्यांनी तरी एवढं निरखून बघितलं आसंल का?"

नातू बराच वेळ चित्राकडं बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. शेवटी त्यानं अंक नीट मिटला आणि दोघं निघून गेले.

रद्दीवाला मटकन खाली बसला.

"तसला दुसरा न्हाय मिळायचा," तो म्हणाला. "पन शाबूत गेला, सर."